वाळ्याची वाकडी ओळ

ताईच्या स्वयंपाकघरामागे मातीचा उंच उतार होता, आणि त्या उताराचा घरावर डोळा होता. दोन पावसाळ्यांत त्याने दोन भिंती लोळवल्या. दोन्ही ताईच्या नवऱ्याने बांधलेल्या, आणि तो हाडाचा गवंडी. जगाची घरं उभी करणाऱ्याची भिंत आपल्याच ओट्यापाशी आडवी व्हावी, हे त्याच्या जिव्हारी लागलं. यंदा चिखल आत आला तर घर सोडायचं, असं त्याने सांगून टाकलं. ताईला ते घर सोडवणार नव्हतं. तिने वाद घातला नाही, धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं.

धाकटी रोपवाटिकेत कामाला. हातात खुरपी, जिभेवरही खुरपीच, म्हणून भाऊजी तिला त्याच नावाने हाक मारत. पावसाच्या तोंडावर ती वाळ्याचे जुने ठोंब पोत्यात भरून आली. भाऊजींनी पोत्यात डोकावून पाहिलं.

"माझे दगड हरले तिथे तुझं गवत काय करणार, खुरपी?"

"दगड पाण्याला अडवतो, म्हणून पाणी त्याला पाडतं. वाळा पाण्याला वाट देतो, माती तेवढी ठेवून घेतो."

मग तिने ठोंब फोडायला घेतले. एका रोपाला दोन-तीन फुटवे, पाती वीतभर ठेवून छाटलेली, मुळं चार बोटं. वाळ्याची मुळं शेजाऱ्याच्या अंगणात पसरत नाहीत, सरळ खाली उतरतात आणि पुरुषभर खोल जातात, हे ती कौतुकाने सांगत होती, जसं कोणी घरच्या गुणी मुलाचं सांगावं. मुळं चिखलाच्या काल्यात बुडवता बुडवता गुणगुणत होती:

वाळ्या माझ्या भाऊराया, खोल खोल रोव पाय
माती अशी धरून ठेव, जशी लेकराला माय

रोपं तयार झाली, आणि तिला दोन दिवस कामावर जावं लागलं. उताराला आडव्या दोन ओळी घाला, एवढंच ती सांगून गेली. गवंड्याने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि ओळंब्यासारख्या सरळ दोन ओळी लावून टाकल्या. ताईलाही त्या देखण्या वाटल्या.

धाकटी परतली, बघत राहिली. मग तिने वरून बादलीभर पाणी ओतलं. उतार मधे खोलगट होता. पाणी दोन्हीकडून रोपांच्या कडेकडेने मधोमध धावलं आणि तिथली चार रोपं उपटून खाली घेऊन गेलं.

"ओळ सरळ आहे, भाऊजी. पातळीत नाही."

गवंडी ओशाळला. पायाची पातळी काढायची पाण्याची नळी त्याच्याच पिशवीत होती, आजवर एकही जोतं त्याने तिच्याशिवाय धरलं नव्हतं. गवताला कसली पातळी, म्हणून ती बाहेरच काढली नव्हती. त्याने स्वतः सगळी रोपं उपटली. एका टोकाला ताई नळी धरून, दुसऱ्या टोकाला तो. नळीतलं पाणी जिथे सारखं आलं तिथे खूण, दर खुणेवरून पुढची. ओळ खोलगटात शिरताना वर वळली, बाहेर येताना खाली उतरली. ती सरळ करायला त्याचे हात शिवशिवत होते, पण त्याने हात आवरले. दोन रोपांत वीतभरही जागा सोडली नाही.

तीन महिन्यांनी दोन दिवस सलग झोडपलं. पाऊस थांबताच तिघंही मागे गेली. ओळीतून पाणी गाळल्यासारखं झिरपत होतं. रोपांमागे चार बोटं माती येऊन बसली होती, जणू तिला बसायला पाट मिळाला होता. एकाच ठिकाणी दोन रोपं मेली होती, तेवढ्या फटीतून घमेलंभर चिखल खाली आला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत मात्र काही पोचलं नव्हतं.

गवंडी त्या फटीपाशी उकिडवा बसला. रोपवाटिकेतून आणलेला नवा ठोंब त्याने मांडीशी घेतला आणि फुटवे किती ठेवायचे ते मेहुणीला विचारलं. तीन, ती म्हणाली. त्याने रोप खोचलं, टाचेने माती दाबली.

"मग, कुठे जायचं ठरलं?" ताईने विचारलं.

"जायचं कसलं? पुढच्या वर्षी वर तिसरी ओळ घालायची आहे," तो म्हणाला. "नळी तू धरायचीस."