थोरलीचं घर

"आणि पुनर्विवाह वगैरे काही?" कारकुनाने फाइलवरची मान वर न करता विचारलं.

प्रश्न छापीलच होता; सैनिकाच्या विधवेने पुन्हा लग्न केलं, की सवलतींचा फेरविचार व्हायचा. सैनिक कल्याण कार्यालयातून दरवर्षी कोणीतरी यायचं, खाटेच्या कडेला बसून पाणी प्यायचं, हा प्रश्न विचारायचं आणि 'नाही' असं लिहून घेऊन जायचं. यंदा थोरलीच्या घराचं प्रकरण शेवटच्या टप्प्यावर आलं होतं, म्हणून फाइल जरा जाड होती, एवढाच फरक. थोरली सासूबाईंना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. घरात धाकटी एकटी होती.

तिने रिकामा पेला उचलला आणि म्हणाली, "दर रविवारी एक जण येतो. कशाला येतो ते तुम्ही तिलाच विचारा."

कारकुनाचं पेन थांबलं. "म्हणजे?"

"म्हणजे काय, ते मी कसं सांगू? दिसतं ते सांगितलं."

त्याने समासात दोन ओळी लिहिल्या, पेनाला टोपण लावलं आणि तो गेला. धाकटीने पेला घासला. मग घासलेलाच पेला पुन्हा घासला.

दोघी सख्ख्या जावा. लागून असलेल्या दोन खोल्यांत अठरा वर्षं नांदलेल्या, भांडलेल्या, एकमेकींच्या आजारपणात उशाशी बसलेल्या. थोरलीचा नवरा सैन्यात ट्रक चालवायचा. घाटातल्या एका वळणावर रस्ता खचला आणि तो ट्रकसकट दरीत गेला. त्यानंतर दोन वर्षांनी धाकटीचा नवरा विजेच्या खांबावरून पडला. वर तो तार जोडत असताना खाली कोणीतरी खटका ओढून वीज सुरू केली होती.

एक दरीत पडला, एक खांबावरून. पडणं दोघांचं सारखंच, असं धाकटीला वाटायचं. लढाईत कोणीच नव्हतं. दोघेही आपापल्या कामावर होते. पण थोरला आला तेव्हा वाहतूक थांबवली होती, ओळखीचे-बिनओळखीचे लोक माना खाली घालून उभे होते, आणि एका मोठ्या अधिकाऱ्याने थोरलीपुढे वाकून घडी केलेला झेंडा तिच्या हातात ठेवला होता. धाकटा आला तो ठेकेदाराच्या टेम्पोतून, तारांच्या दोन भेंडोळ्यांमध्ये. ठेकेदार म्हणाला, हातमोजे न घालता चढला, चूक त्याचीच. हातमोजे कधी दिलेच नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढे विजेच्या कार्यालयातून तिला एक पत्र आलं. त्यात एकच वाक्य होतं, की सदर इसम आमच्या आस्थापनेवर कधीही नव्हता.

थोरलीला निवृत्तिवेतन सुरू झालं, कार्ड मिळालं. समारंभांना तिच्यासाठी पहिल्या रांगेत नाव लिहिलेली खुर्ची असायची. धाकटी मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईत कामाला लागली. दिवसभर वाफेच्या रोलरखालून चादरी काढायच्या. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे डाग पडले होते. त्याच रुग्णालयात सैनिकांच्या कुटुंबांसाठी वेगळी खिडकी होती. एकदा दोघींना एकाच दिवशी ताप आला. थोरली पाच मिनिटांत औषध घेऊन बाकावर येऊन बसली. तिथेच काम करणारी धाकटी मात्र दुपारपर्यंत रांगेत उभी राहिली.

"मी थांबते तुझ्यासाठी," थोरली म्हणाली होती.

"कशाला? तुम्ही जा. तुम्हाला कोण अडवतंय."

थोरलीचा आपल्याला राग नाही, असं ती स्वतःला बजावायची. तरी थोरलीच्या नावाचं शिक्का मारलेलं पाकीट दाराशी आलं, की ती ते उलटं करून ठेवायची. त्यात आता घर. शहराच्या टोकाला सरकारने चाळीस घरं बांधली होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, घरात नळ. थोरलीने नकाशाची प्रत आणून खाटेवर पसरली. "इथे आईंची खाट. इथे सकाळचं ऊन येईल. आणि ही खोली तू घे." धाकटीने मान हलवली. मनात म्हणाली, घर तुमचं आणि मी त्यात पाहुणी.

तरी नुसतं घरच असतं, तर कदाचित ती कारकुनाशी बोलली नसती.

रविवारी यायचा तो थोरल्याच्या तुकडीतला मेकॅनिक. अपघाताच्या दिवशी मागच्या ट्रकमध्ये होता. दोर बांधून दरीत उतरून थोरल्याला त्यानेच वर आणलं होतं. आता निवृत्त होऊन त्याने गाड्या दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. बायको कधीच वारलेली, मुलगी लांबच्या शहरात. कोणता अर्ज कुठे द्यायचा हे त्याला पाठ होतं. एका स्फोटात त्याचा एक कान गेला होता आणि दुसरा अर्धामुर्धा उरला होता, त्यामुळे तो ओरडूनच बोलायचा. मग थोरलीलाही ओरडावं लागायचं.

"गुडघा कसा आहे?" तो विचारायचा, की शेजारच्या तीन घरांना ऐकू जायचं.

"बरा आहे," थोरली सांगायची, तेही तीन घरांना.

सुरुवातीला धाकटी तोंडाला पदर लावून हसायची. मग एका रविवारी ती वाळलेले कपडे काढत होती. अंगणात मेकॅनिक उठला, जोडे घातले आणि जाता जाता थोरलीला काहीतरी म्हणाला. हळू. आयुष्यात कधी हळू न बोललेला तो माणूस असं काही म्हणाला, की चार पावलांवरच्या धाकटीलाही ते ऐकू आलं नाही. थोरली जमिनीकडे बघत हसली. अठरा वर्षांत धाकटीने तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

झेंडा हिला, खुर्ची हिला, घर हिला. आणि आता हेही.

कारकून येऊन गेल्यावर वीस दिवसांनी पत्र आलं. चौकशी प्रलंबित असल्याने घराचं वाटप स्थगित ठेवलं होतं. थोरलीने ते सासूबाईंना वाचून दाखवलं.

"कोणाच्या जिभेला हाड नाही," सासूबाई म्हणाल्या. "कोणी सांगितलं असेल गं?"

"शेजारपाजार काय कमी आहे," धाकटी म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

खोटं कशाला सांगायचं, पहिले दोन दिवस तिला बरं वाटलं. जेवण गोड लागलं, झोप लागली. धुलाईतल्या बायकांशी ती चार गोष्टी जास्त बोलली. आता दोघी एकाच पायरीवर, असं तिला वाटलं.

रविवारी मेकॅनिक आला. त्याने पत्र अंगणात उभ्यानेच दोनदा वाचलं.

"माझ्यामुळे अडलंय," तो म्हणाला.

"तसं काही नाही. आधी चहा घ्या."

"तसंच आहे. त्याला मी दरीतून वर आणला. आता त्याच्या घराच्या आड मीच येऊ?" त्याने कागदाची नीट घडी घालून तो थोरलीला परत दिला. "मी यायचं थांबवतो. तुमचं काम होईल."

हे सगळं शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. थोरली काहीतरी बोलली, पण ओरडून बोलायचं ती विसरली होती आणि त्याला ते ऐकू गेलं नाही. धाकटी दाराआडून बघत होती. चहा तिनेच टाकला होता. तो उतू गेला.

त्यानंतर थोरली घरात वावरायची, पण जपून, जणू जमीन ओली आहे. पुढच्या आठवड्यात ती धाकटीला म्हणाली, "घरातल्या कोणाचं तरी लेखी म्हणणं द्यावं लागणार आहे. आईंना धड दिसत नाही. तू चलशील का?"

धाकटीला नाही म्हणता आलं नाही. धुलाईतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन ती थोरलीबरोबर कल्याण कार्यालयात गेली. आत तोच कारकून होता. त्याने धाकटीकडे पाहिलं, मग थोरलीकडे, आणि फाइलची दोरी उगाचच सावकाश सोडली. माणूस वाईट नव्हता.

"यांचं म्हणणं घ्यायचंय ना," थोरली म्हणाली.

"एक म्हणणं आधीच नोंदवलेलं आहे."

"कोणाचं?"

कारकुनाने टाचण्यांची डबी इकडची तिकडे केली. मग कागदावर बोट ठेवून वाचलं, "घरातील स्त्रीच्या सांगण्यावरून."

घरात थोरली सोडून स्त्रिया दोनच, आणि त्यातली एक त्या दिवशी थोरलीबरोबर डॉक्टरकडे होती. थोरलीने मान वळवली नाही. पिशवीच्या बंदावरची तिची बोटं तेवढी घट्ट झाली.

"मी सांगितलं," धाकटी म्हणाली. "खोटं सांगितलं. तसं लिहा. असलं काही नाही."

"खोटं नाही सांगितलं तिने," थोरली म्हणाली. आवाज अगदी साधा, भाव विचारावा तसा. "तो येत होता. मला विचारलंही त्याने. मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. तुमच्या कागदावर याला रकाना आहे का?"

कारकुनाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नाही हो बाई. लग्न केलंय की नाही, एवढंच विचारतात."

"नाही केलं."

"मग मी 'नाही' लिहितो."

त्याने लिहिलं. खाली धाकटीने सही केली.

बसथांब्यावर दोघी बाकावर बसल्या. एक बस आली आणि गेली. कोणी उठलं नाही.

"कधीपासून?" थोरलीने विचारलं.

"काय?"

"माझं डोळ्यांत खुपायला लागलं."

धाकटीने समोरच्या सायकलच्या दुकानाकडे पाहिलं. "पहिल्यापासून. तुमच्या माणसासाठी वाहतूक थांबवली. माझ्याला टेम्पोतून उतरवायला चौथा माणूस मिळेना. शेवटी तुम्ही पाय धरलेत."

"आठवतंय."

"तेव्हाही माझ्या मनात तेच. तुम्ही त्यांचे पाय धरलेत, आणि मी मनात तेच घोळवत होते."

थोरली म्हणाली, "मलाही तुझं खुपायचं."

"माझं काय होतं खुपण्यासारखं?"

"तुझा रोज संध्याकाळी घरी यायचा. माझा वर्षातून दोनदा, तेही महिना-महिना. त्यातले चार दिवस पाहुण्यांचे. भिंतीपलीकडे तुम्ही दोघं बोलत बसायचात. काय बोलायचात कोण जाणे. हसायचात. मी पांघरूण डोक्यावरून घ्यायचे."

"आम्ही काही विशेष नाही बोलायचो. कामावरच्या गोष्टी."

"तेच तर."

दुसरी बस आली. बसमध्ये धाकटी म्हणाली, "रविवारी यायचे त्यांना परत बोलवा ना. आता सगळं मोकळं झालंय."

"त्याने दुकान भागीदाराला दिलं. गेल्या सोमवारी मुलीकडे गेला राहायला."

"मग फोन करा."

"फोनवर त्याला ऐकू येत नाही," थोरली म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

दोन महिन्यांत घर मिळालं. धाकटीला जे हिसकावून घ्यायचं होतं, ते जागच्या जागी राहिलं. गेलं ते ज्याचा कागदोपत्री कुठे उल्लेखच नव्हता. त्याबद्दल थोरली पुन्हा एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर धाकटीला सोपं गेलं असतं.

सामान हलवायच्या दिवशी थोरली म्हणाली, "तू पण चल. कोण येतंय बघायला?"

"चौकशीला येतात की," धाकटी म्हणाली. दोघींना हसू आलं, मग दोघींनीही ते आवरलं. "इथून धुलाई जवळ पडते," धाकटी म्हणाली. ते खरं कारण नव्हतं, हे दोघींना कळत होतं.

तिने सासूबाईंची खाट लावून दिली, डबे फळीवर मांडले. स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला. पाणी जोरात, स्वच्छ, भांड्याच्या तळावर आदळत आलं, आणि तिला पुन्हा तेच खुपलं. एवढं सगळं होऊनही. तिने नळ घट्ट बंद केला.

बाहेरच्या ओट्यावर एक रंगारी बसला होता. प्रत्येक दारावर जवानाच्या नावाची पाटी लावायची असा आदेश होता, आणि हा निळ्या पत्र्यांवर पांढऱ्या रंगात एकेक नाव काढत होता. थोरल्याची पाटी दारावर लागली होती. त्याच नावाची आणखी एक रंगाऱ्याच्या पायाशी पडली होती.

"ही राहिली का?" धाकटीने विचारलं.

"वाया गेली. हुद्दा एक पायरी खालचा लिहिला. परत दुसरी करायला लागली."

धाकटीने ती उचलली. मागची बाजू कोरी होती. "यावर एक नाव काढून द्याल?"

"सांगा."

तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. आडनाव ऐकून रंगाऱ्याने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हेही फौजेत?"

"नाही. लाइनमन होते."

"खाली हुद्दा लिहायचा असतो. काय लिहू?"

"तोच. लाइनमन."

त्याने लिहिलं, बाकीच्या चाळीस पाट्यांवर काढलं होतं तसंच अक्षर, तेवढ्याच आकाराचं. रंग ओला होता म्हणून धाकटीने पाटी दोन्ही कडांना बोटांनी धरली. थोरली दारात उभी होती. तिने पाटी वाचली, मग धाकटीची पिशवी उचलून तिच्या खांद्याला अडकवली. "बसमध्ये बसू नकोस," म्हणाली, "कोणाचातरी धक्का लागेल. मागे दांड्याला टेकून उभी राहा."

घरी आल्यावर धाकटीने दारावर दोन खिळे ठोकले. थोरल्याचं नाव लाकडाकडे गेलं, पाठच्या भावाचं रस्त्याकडे आलं. ती समोरच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि लांबून पाहिलं. पाटी डावीकडे किंचित कलली होती. रस्ता ओलांडून परत येऊन तिने ती सरळ केली.