पुसलेली रेघ

श्यामसुंदरने तिसऱ्यांदा चुन्याची रेघ मारली, तेव्हा मुकादम भैरू उघड उघड हसला. काल संध्याकाळी मारलेली सकाळी सातला पुसलेली, सातला मारलेली नऊला. तीही नेमकी एकाच जागी, चार-पाच हातांत. गावातली आणि नव्या इमारतींतली माणसं माळावरून सरळ स्टेशन गाठायची आणि जाताजाता श्यामसुंदरची सगळी विद्या तुडवून जायची.

अकराला नंदकुमार साहेब येणार होते. त्यांनी मान डोलावली की त्या रेघेवर भिंतीचा पाया खणायचा. भिंतीच्या आत मोटारी, स्कूटर उभ्या करायच्या. पायी येणाऱ्यांनी पार पलीकडच्या फाटकातून वळून यायचं. पनवेलपर्यंत गाडी सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. या स्टेशनावर दिवसाला आठ-दहा मोटारी आल्या तर डोक्यावरून पाणी, पण नकाशात जागा दोनशेंची. नकाशा श्यामसुंदरनेच काढलेला. कागदावर तो वळसा वीतभर दिसला होता, आणि वीतभर वळशाने कुणाचं काय बिघडतं? नोकरी पक्की व्हायला महिना उरला होता. त्याने सुबक अक्षरात 'पादचारी मार्ग' लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

"आरं बाला, ह्या काय आखतंस?" मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली शकुबाई थांबली.

"भिंत होणार, मावशी. मग त्या फाटकातून यायचं."

डोक्यावर पाटी असताना मान वळत नाही. तिने सगळं अंगच फाटकाकडे वळवलं. "तिकरून? तू गेलास का कदी तिकरून?" आणि रेघेवरून चालती झाली.

श्यामसुंदर चिडला. चिडूनच, घड्याळ बघून फाटकाकडे निघाला. हातात नुसता चुन्याचा डबा, तरी शर्ट पाठीला चिकटला. वाटेत ना सावली, ना टेकायला कट्टा. तो अर्ध्यात असतानाच गाडी सुटली. शकुबाई सरळ गेली म्हणून तिला ती मिळाली. फलाटावर पोचायला त्याला अकरा मिनिटं लागली. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. घाईघाईने परत आला, तर साहेबांची जीप उभी.

"ही रेघ कुणी पुसली?"

भैरूने तोंड उघडलं होतं. लोकांनी, असं म्हटलं असतं तर साहेबांनी तिथे वॉचमन बसवला असता. श्यामसुंदर पुढे झाला.

"मी पुसली, साहेब."

"तुम्ही? मंजूर नकाशा आहे हा!"

"चुकलाय तो. मीच चुकलो. इथून वाट हवी."

साहेबांनी गॉगल काढला. "पुढच्या महिन्यात तुमची फाइल माझ्याच टेबलावर येणार आहे. लक्षात आहे ना?"

"आहे, साहेब."

साहेब जीपमध्ये जाऊन बसले आणि त्यांनी दार आपटलं. जीप मात्र हलली नाही. काचेआडून ते बघत होते. तरी श्यामसुंदर वाकला आणि भिंतीच्या रेघेला आडवी, माणसांच्या पायवाटेची कड धरून रेघ ओढू लागला.

"भैरू, तिकडून दोरी धर," तो म्हणाला. "अजून सरक. पाट्या घेतलेल्या दोघी समोरासमोर आल्या, तरी कुणाला थांबायला नको."