पस्तीस वर्षांत एक ओरखडा नाही

माझे सासरे पस्तीस वर्षं मोटारसायकल चालवतात आणि एकदाही पडलेले नाहीत. लग्न झाल्यापासून दर रविवारी हे ऐकून माझे कान किटलेत. त्यात गेल्या महिन्यात मीच गाडीवरून आपटलो आणि हात प्लास्टरात गेला.

"गाडी डोक्याने चालवायची असते, जावईबापू," असं म्हणत त्यांनी बाही सरकवून कोपर दाखवलं. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

कुठेतरी पाणी मुरत होतं. इतक्या वर्षांत माणूस साधा खरचटतही नाही? ते आंघोळीला गेले की मी त्यांची गाडी तपासायचो. टाकीला पोचा नाही, फूटरेस्ट सरळ, रंग मूळचाच. सासूबाईंना खोदून विचारलं.

"पडले नाहीत हे खरंय," त्या म्हणाल्या. "पण मी त्यांच्या मागे बसत नाही." कारण विचारलं तर स्वयंपाकघरात निघून गेल्या.

काल प्लास्टर काढायला सासऱ्यांनीच मला मागे बसवून नेलं. वाटेत औषधाचं दुकान दिसताच त्यांनी हात न दाखवता गाडी आडवी घातली. मागे ब्रेक किंचाळले, धाडकन आवाज झाला. वळून पाहिलं, तर एक बाई स्कूटरसकट रस्त्यावर पडली होती.

"अहो, थांबा! मागे बघा!"

बघणार कशात? ओरखडे शोधण्याच्या नादात माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की या गाडीला आरसेच नाहीत.

"मागे काय बघायचंय?" सासरे शांतपणे म्हणाले. "हा आवाज मी पस्तीस वर्षं ऐकतोय. लोकांना गाडी चालवताच येत नाही."