पुलीवरची खाच

भंगारवाल्याला अप्पांनी स्वतः फोन केला, आणि तोही माझ्या डोळ्यांदेखत. "दुपारी या. चाकं फिरतायत, ओढून न्या," एवढं म्हणाले, ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. अप्पा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या या माणसानं, आणि स्वतःची भंगारात! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"जाऊ दे ना," आमचे हे म्हणाले. "तापते, चढ चढत नाही, चालू करायला पुढून हँडल मारलं की उलटा हिसका देते. परवा अप्पांचं मनगट थोडक्यात वाचलं. इंजिन संपलंय म्हणतात ते."

"इंजिन नाही हो, आपला हात संपला असं वाटतंय त्यांना. आज गाडी गेली की उद्यापासून हा माणूस अंथरूण सोडायचा नाही. लिहून ठेवा."

ह्यांनाही ते कळत होतं. पण अप्पांशी वाद घालायचा म्हटलं की हे मागच्या दारानं सटकतात. मी नाही सटकत. त्याच गाडीत अप्पांनी मला चालवायला शिकवलं. माझा क्लच सुटला की गाडी बेडकासारखी उडायची, अप्पांचं डोकं टपावर आपटायचं, पण एकदाही आवाज चढला नाही. अशा माणसाला असं भिंतीकडे बघत पडू देऊ? शक्यच नाही. माझं शिलाईचं दुकान बंद ठेवलं, बाह्या वर सारल्या आणि गॅरेजचं दार उघडलं.

आधी अप्पांनीच बसवलेले चारही प्लग काढले. गॅप मोजायची पातळ पाती अप्पांच्या पेटीत होतीच. पातं प्लगच्या फटीत सरकवलं. ना ढिलं, ना घट्ट, हलकेच घासत गेलं. दुसऱ्यात तसंच, तिसऱ्यात तसंच, चौथ्यातही तसंच. मी मोठ्यानं म्हटलं, "वा रे हात गेलेला माणूस!"

पण प्लगच्या पांढऱ्या भागावर मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके होते. हे ठिपके मला अप्पांनीच कधीतरी दुसऱ्याच्या गाडीत दाखवले होते. ठिणगी वेळेआधी पडली की पेट्रोल आत धडाधडा फुटतं, इंजिन कडकडतं, आणि त्याच्या या खुणा. म्हणजे दोष टायमिंगचा, ठिणगीच्या वेळेचा.

टायमिंग मला नवीन नाही. शिलाई मशीनमध्ये सुई खालून वर निघते तेव्हाच खालच्या आकड्यानं दोरा पकडायला हजर व्हावं लागतं. लवकर आला तरी टाका सुटतो, उशिरा आला तरी सुटतो. इथं सुईच्या जागी पिस्टन आणि आकड्याच्या जागी ठिणगी, एवढंच.

इंजिनाच्या पुलीवर ठिणगीची नेमकी वेळ दाखवणारी कंपनीची खाच असते. पण अप्पांच्या गाडीत ती ग्रीसखाली गाडली गेली होती, कारण त्यांनी जन्मात तिच्याकडे पाहिलं नव्हतं. "खुणा बहिऱ्यांसाठी असतात," असं ते सगळ्यांना ऐकवायचे. "मी टायमिंग कानानं लावतो." लावायचेही. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा भाग, पुढे फिरवत न्यायचे, चढावर गाडी कडकडली की केसभर मागे घ्यायचे. दूरदूरच्या गावांहून लोक गाड्या घेऊन यायचे त्या कानासाठी.

रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन पुली घासली, खाच सापडली. शिलाईच्या खडूनं ती पांढरी केली, डिस्ट्रिब्युटरच्या तारेला छोटा बल्ब जोडला. ज्या क्षणी ठिणगी पडते, त्या क्षणी बल्ब लागतो. हँडल हळूहळू फिरवलं. बल्ब लागला, आणि खाच अजून कुठल्या कुठे मागे! थोडंथोडकं नाही, बोटभर लवकर.

हा माणूस बोटभर चुकेल? केसभर न चुकणारा?

मी तिथंच खाली बसले. आता मला कळलं. टीव्हीचा वाढत गेलेला आवाज आठवला, हाक मारली की अप्पांचं उगाच हसणं आठवलं. गाडीची कडकड अप्पांना ऐकूच येत नव्हती. ती यायची वाट बघत ते डिस्ट्रिब्युटर पुढे पुढे नेत राहिले. रडू आलं मला, खोटं कशाला बोलू.

मग उठले. चारही प्लग आणि पाती घेऊन सरळ त्यांच्या खोलीत गेले आणि चादर ओढली.

"हे मोजा."

त्यांनी चिडून मोजलं. एक, मग दुसरा. कपाळावरची आठी सैल झाली. "गॅप बरोबर आहे."

"मग हात कुठे गेला तुमचा?" मी अगदी समोर बसले, त्यांना माझे ओठ दिसतील असं. "टायमिंग बोटभर पुढे आहे, अप्पा. मी बल्ब लावून पाहिलं."

"उगाच काहीतरी! मी कानानं लावलंय."

मी प्लगवरचे काळे ठिपके त्यांच्यासमोर धरले. हे दारात उभे होते, ते जमिनीकडे बघायला लागले. अप्पांनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"कडकडते?"

"चढावर. फार," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"दोनेक वर्षं झाली."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं, अप्पा. तीनदा."

त्यांनी ते ठिपके अंगठ्यानं घासून पाहिले. मग एकदम उठून चपला शोधायला लागले. "पाना कुठे ठेवलास? आणि डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट पुरा ढिला केला नाहीस ना, वेंधळे?"

इतकं गोड मला कुणी वेंधळी म्हटलं नव्हतं.

प्लग परत बसवून, खाचेवर टायमिंग लावून गाडी चढावर काढली. मी चालवत होते, अप्पा शेजारी. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. बारीक कडकड आली. अप्पांना कळावं म्हणून मी बोट वर केलं, गाडी थांबवली. अप्पा उतरले, डिस्ट्रिब्युटर केसभर मागे घेतला, बसले. खाली येऊन पुन्हा वर. अजून थोडी. पुन्हा उतरले. गुडघे दुखत होते त्यांचे, पण एकदाही मदत मागितली नाही.

पुढच्या फेरीला गाडी सरसर चढली. अप्पा रस्त्याकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. मी बोट वर केलं नाही. माथा आला तरी केलं नाही. त्यांनी डॅशबोर्डवर तळहात टेकवला आणि डोळे पुसले.

घराशी आलो तर फाटकासमोर टेम्पो उभा. भंगारवाला साखळी हातात घेऊन घसा ताणून ओरडत होता.

"काय म्हणतोय तो?" अप्पांनी मला विचारलं.

"काही ऐकू येत नाही," मी म्हटलं, आणि गाडी पुन्हा चढाकडे वळवली.