देवापुढचे दोन द्रोण

विज्ञान कशाला म्हणावं, या एका प्रश्नावर गोपाल पाटलांनी चाळीस वर्षं काढली. देशोदेशी व्याख्यानं झाली, पदकं मिळाली, आणि आता जन्मगावाने, रनाळ्याने, सत्काराचा मांडव घातला होता. हा माणूस नेमकं करतो काय, हे निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं. पण गावाचं नाव काढलं, एवढं त्यांना पुरे होतं.

गोपालरावांचं नाव झालं एका पुस्तकाने, आणि पुस्तक गाजलं एका उदाहरणाने. त्यांच्या शेतात राबणारी दिवलीबाई पेरणीआधी ओल्या मातीने भरलेल्या दोन द्रोणांत ज्वारीचे दाणे घालायची आणि त्यांच्या घरच्या देवापुढे ठेवायची. तपासणं वेगळं आणि कौल मागणं वेगळं, हे पटवताना त्यांनी तिला खुशाल कौल मागणाऱ्यांत बसवलं होतं, तेही नावानिशी.

सत्काराच्या सकाळी ते तिला भेटायला गेले. ऐंशीच्या घरातली म्हातारी ओट्यावर बसली होती. देव एक, मग द्रोण दोन कशाला, असं त्यांनी सहज हसत विचारलं. जन्मात पहिल्यांदाच विचारलं.

"त्यामा देवनं काय, भाऊ?" ती म्हणाली. "एकमा घरनं बी, एकमा बाजारनं. दोन्हीसमा ईस-ईस दाना. ज्यानं जास्ती उगस, ते पेरानं. देवफुडे पोरे हात लावतस नही, म्हनीसन तठे ठेवानं."

"मंग तू माले कधी सांगं का बरं नही?"

"तू कधी इचारं?"

गोपालरावांची कानशिलं तापली. सारखी माती, सारखं पाणी, मोजून दाणे. विद्यार्थ्यांना ते जे शिकवत आले, तेच ही बाई त्यांच्याच घरात करत होती. न विचारता, न तपासता जगापुढे अडाणी ठरवली ती त्यांनीच. आज मांडवात सगळं कबूल करायचं, असं त्यांनी ठरवलं आणि तिला आग्रहाने बोलावलं.

ती आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. आधी मानपत्र वाचलं गेलं, छापील शुद्ध मराठीत. दिवलीबाईच्या अंधश्रद्धेतून विज्ञानाच्या शिखराकडे, असं काहीबाही त्यात होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. गोपालराव माइकपाशी उभे राहिले. समोर पत्रकार होते, पुण्याहून आलेले शिष्य होते. एका वाक्याचं तर काम होतं, पण जीभ रेटेना. त्यांनी गावाचे आभार मानले, आईवडिलांची आठवण काढली आणि खाली बसले. अशा वेळी विद्वानाचीही शेळी होते.

कार्यक्रम संपल्यावर दिवलीबाई गर्दीतून वाट काढत आली. तिने त्यांच्या अंगावरच्या शालीवरून हात फिरवला.

"माले काही समजनं नही," ती म्हणाली, "पन मन्हं नाव लिधं तिसनी. तू चांगलंच लिखेल शे ना, भाऊ?"

गोपालराव हो म्हणाले.