चरबीचा निरोप

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, मीच वाढवलेल्या माझ्या भाचीच्या, उत्कर्षाच्या, सासरी, जुईनगरला. उत्कर्षा एका लेकुरवाळीची ओटी भरायला पुढं झाली, तर सासूनं, अरुणाबाईंनी, तिच्या हातातलं तबकच काढून घेतलं.

"तू राहू दे. पाच महिने पाळी नाही हिला," हे त्या पंधरा बायकांसमोर बोलल्या. मग मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाल्या, "विहीणबाई, रथसप्तमीपर्यंत बघू. नाही तर न्या तुमची पोरगी परत. इंद्रजितला मूल हवंय."

पोरगी चिपाडासारखी झाली होती. लग्नानंतर नवरा म्हणाला, जाड दिसतेस. तिनं भात सोडला. पाळी थांबली तशी सासूनं मूल व्हावं म्हणून सोमवार, गुरुवार, चतुर्थीचे उपास धरायला लावले.

दुसऱ्या दिवशी मी मार्केटातलं कांदे निवडायचं काम बुडवलं आणि तिला बेलापूरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी वजन केलं, रक्त तपासलं. रिपोर्ट आले तेव्हा म्हणाल्या, "मावशी, अंगातली चरबी नुसती पडून नसते. ती रक्तातून मेंदूला निरोप देते, की साठा आहे, पाळी चालू ठेव. हिच्या अंगात चरबीच उरली नाही. निरोप थांबला, मेंदूनं पाळी थांबवली."

"म्हणजे वांझ नाही ना?"

"नाही हो. उपाशी आहे. पोटभर खाऊ द्या. वेळ लागेल, पण पाळी बहुतेक येईल."

मी उत्कर्षाला तुर्भ्याला माझ्या खोलीवर आणलं. रथसप्तमीला बारा दिवस होते, आणि तोवर अरुणाबाईंच्या सोसायटीत रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असतं. उत्कर्षाच्या ओळखीनं आमंत्रणं मिळाली. मी कडक इस्त्रीची साडी नेसून एकेका घरी गेले. कुंकू लावून झालं की रिपोर्ट काढायचा आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगायचं.

"अगं बाई! उपास त्यांनीच धरायला लावले?"

"त्यांनीच. वर बोल पोरीला."

सहा घरं झाली. त्यानंतर लिफ्टमध्ये बायका अरुणाबाईंना विचारायला लागल्या, "सुनेला जेवायला घालता ना हो?"

दहाव्या दिवशी त्या तुर्भ्याला आल्या. चप्पल दारात काढायचंही भान नव्हतं.

"विहीणबाई, पुरे करा. मला तोंड दाखवायला जागा नाही राहिली."

"तुम्ही चार भिंतींत बोलला असतात, तर मीही चार भिंतींत बोलले असते."

त्या उत्कर्षाकडे वळल्या. ती पिठल्यात भाकरी कुस्करत होती.

"चल गं घरी. उपास नाही करायचे आता. इंद्रजित वाट बघतोय."

उत्कर्षानं घास गिळला. "मी येणार नाही, आई. पाळी आली तरी नाही."

अरुणाबाई खाली मान घालून जिना उतरल्या. माझं मन तेवढ्यानं भरलं नाही. त्यांच्याच सोसायटीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या सुनयनाबाईंचं हळदीकुंकू त्याच संध्याकाळी होतं. मी तोंड धुतलं, रिपोर्ट घेतला आणि निघाले.