तोंड रस्त्याकडे

पडदेवालीने जुनी डिझेल गाडी घेतली तेव्हा सगळ्या गल्लीने तिचं तोंडभरून कौतुक केलं. महिनाभरात त्याच गल्लीने गाडीचं नाव 'आजारी मावशी' ठेवलं. गल्लीला काय, नाव ठेवायला पैसे पडत नाहीत.

पडदे शिवायचे आणि लोकांच्या घरी जाऊन बसवून द्यायचे, हा तिचा धंदा. कापडाचे गठ्ठे, लांब दांडे आणि शिडी पोटात घेईल अशी एवढी एकच गाडी तिच्या ऐपतीत होती. दुपारी गाडी ठणठणीत, संध्याकाळीही ठणठणीत. सकाळी मात्र स्टार्टर खर्र खर्र करून थकायचा आणि इंजिन हूं की चूं करायचं नाही. मिस्त्रीने आधी बॅटरी बदलली, मग हीटर प्लग, मग स्टार्टर, आणि शेवटी महागडे इंजेक्टर. दर वेळी हात पुसत तो म्हणायचा, "वहिनी, आता बघायला नको." दुसऱ्या सकाळी बघायलाच लागायचं. बरं, त्याच्या गॅरेजात रात्रभर ठेवली की हीच बया पहिल्या चावीत सुरू व्हायची. त्यामुळे दोष गाडीत नसून वहिनींच्या हातात आहे, असं त्याला वाटू लागलं होतं.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," नवरा म्हणायचा. आणि हिशोब त्याचाच खरा होता.

घरात गाडीवर माया करणारे एकटे सासरे. उभा जन्म त्यांनी आगीचा बंब चालवलेला. बंबाचं तोंड कायम रस्त्याकडे, ही त्यांची शिस्त. "आग लागल्यावर गाडी वळवत बसणार का?" असं विचारून ते रोज संध्याकाळी स्वतः मावशीला मागे घेत घेत अंगणात लावायचे. अंगण रस्त्यापासून चांगलंच खाली उतरत गेलेलं. त्यामुळे गाडी रात्रभर नाक वर करून, नव्या श्रीमंतासारखी उभी असायची. सकाळी ढकलायची म्हटलं तर त्या चढावर हत्तीच लागला असता.

अशात तिला मोठं काम मिळालं. नव्या सभागृहाचा रंगमंचाचा पडदा, आणि तो जमला तर सगळ्या इमारतीच्या खिडक्या. मापं घ्यायला दोनदा ती उशिरा पोहोचली. पडदा शिवून तयार झाला तेव्हा सभागृहाच्या व्यवस्थापक बाईंनी गोड बोलून स्पष्ट सांगितलं, "उद्या उद्घाटन आहे. पाहुण्यांच्या आधी पडदा वर दिसला नाही, तर खिडक्या दुसऱ्याला देणार."

टेम्पोवाला नेमका परगावी गेलेला. नवरा म्हणाला, "उद्या फसलीस तर मी भंगारवाल्याला बोलावतो. आणि तू आपली परत दुकानात जा." दुकान म्हणजे ती पूर्वी जिथे दिवसभर उभं राहून दुसऱ्याचं कापड उलगडून दाखवायची ते.

त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी बांधकामाची वाळू रस्त्यावर ओतली. गाडी वळवून मागे घ्यायला जागाच राहिली नाही. सासरे डोळ्यांत थेंब घालून आडवे पडलेले. तिने गाडी सरळ नाकासमोर अंगणात उतरवली, पडदा गाडीत चढवला आणि देवाचं नाव घेऊन झोपली.

सकाळी तिने चावी फिरवली आणि इंजिन एका झटक्यात असं गरजलं की तीच दचकली. पकडलेल्या चोरासारखी मावशी पहिल्याच दमात कबूल! तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सासरे बनियनवरच धावत बाहेर आले. "गाडी उलटी कोणी लावली?"

"मी, बाबा. पण चालू झाली!"

"चालू झाली ते ठीक, पण तिचं तोंड..." आणि त्यांचं स्वतःचंच तोंड मिटलं.

"बसा आधी. बोलणं वाटेत करू," ती म्हणाली. तिने गाडी उलटी चढावर काढली, वाळू चुकवली आणि रस्त्याला लागली.

अर्ध्या वाटेत सासरे हळूच म्हणाले, "टाकी मागे. नाक वर. कुठेतरी नळी हवा ओढतेय, म्हणून रात्रभर डिझेल टाकीत परत उतरतंय. सकाळी इंजिनाला नुसती हवा." मग ते म्हणाले, "सुनबाई, जन्मभर लोकांच्या आगी विझवल्या आणि घरात मीच लावली गं."

तिला राग आला. चांगला सणसणीत आला. ते इंजेक्टर, तो स्टार्टर, ती टोमणे ऐकलेली सगळी जेवणं! पण शेजारी बनियन आणि सपाता घालून बसलेला तो गंभीर म्हातारा बघून तिला हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. शेवटी तेही हसायला लागले.

सभागृहात त्यांनी कोणाचातरी कोट मागून घेतला आणि शिडी धरून उभे राहिले. पाहुणे यायला अजून अवकाश होता. तिने दोरी ओढली. तो भलामोठा किरमिजी पडदा कुठेही न अडखळता दुभंगत गेला. रिकाम्या सभागृहात सासऱ्यांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या. व्यवस्थापक बाईंनी पडद्याची चूण हातात धरून पाहिली आणि मान डोलावली.

तिथून दोघं थेट मिस्त्रीकडे गेली. सासऱ्यांनीच वाकून जागा दाखवली. डिझेलच्या फिल्टरवरचं बोटाएवढं रबर चिरलं होतं. ते बदलायचे पैसे मागायला मिस्त्रीची जीभ रेटेना.

"माझं गॅरेज पडलं सपाटीवर, मला कसं कळणार, वहिनी?" तो म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. व्यवस्थापक बाई विचारत होत्या, खिडक्यांची मापं घ्यायला कधी येता?

तिने मावशीकडे पाहिलं. "उद्या सकाळी सातला," ती ठणकावून म्हणाली.

मिस्त्रीने घाबरून वर बघितलं. सासऱ्यांनी मात्र उसन्या कोटाची बटणं लावली.

"साडेसहा सांग गं," ते म्हणाले.